तीन चाकांवरची लंका

परदेशप्रवास करून आलेल्या माणसाला सगळे विमानाविषयी विचारतात. विमान केवढे होते, आत काय खायला दिले, खिडकी मिळाली का? पण विमान सगळीकडे सारखेच असते. परक्या गावाची खरी ओळख विमानातून उतरल्यानंतर होते, आणि आमच्या अनुभवाने सांगायचे तर ती रिक्षात बसल्यावर होते. रिक्षाला काच नसते. रस्त्यावरचा वास, आवाज, धूळ, पाऊस सगळे आत येते. चालक हाताच्या अंतरावर बसलेला असतो. त्याच्याशी बोलावेच लागते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्हा उभयतांना नऊ दिवस श्रीलंकेला जाण्याचा योग आला. हुबळीहून रेल्वेने बेंगळुरू आणि तिथून विमानाने कोलंबो. परत आल्यावर शाळेतल्या मुलांनी रावणाविषयी आणि हत्तींविषयी पुष्कळ विचारले. त्याविषयी पुन्हा कधीतरी लिहू. आज लिहायचे आहे ते तिथल्या रिक्षांविषयी, कारण त्या नऊ दिवसांत आम्ही तिशीच्या आसपास रिक्षा केल्या आणि सर्वांत जास्त शिकलो तेही त्यांच्यातच.

रिक्षाचे गोत्र

विद्यार्थी मित्रहो, ‘रिक्षा’ हा शब्द मूळचा जपानी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? ‘जिन-रिकि-शा’. जिन म्हणजे माणूस, रिकि म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. माणसाच्या बळावर चालणारी गाडी. ती एकोणिसाव्या शतकात जपानमध्ये निघाली आणि तिथून सिमल्याला, कलकत्त्याला पोचली. आपल्या महाराष्ट्रात माथेरानला मोटारी नेण्यास बंदी असल्याने हातरिक्षा अगदी अलीकडेपर्यंत चालू राहिल्या. तिथे डिसेंबर २०२२ मध्ये विजेवरच्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढत न्यायचे, ही गोष्ट संपवायला आपल्याला एवढी वर्षे लागली.

इंजिनाच्या रिक्षाचे गोत्र निराळे. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत पियाज्जो कंपनीने १९४६ साली ‘व्हेस्पा’ ही स्कूटर काढली. इटालियन भाषेत व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. दोन वर्षांनी त्याच स्कूटरला मागे दोन चाके जोडून माल वाहणारी गाडी केली, तिचे नाव ‘आपे’, म्हणजे मधमाशी. कोरादिनो दास्कानिओ या विमानाच्या अभियंत्याने या गाड्यांची रचना केली. युद्धाने मोडलेल्या देशात लोकांना स्वस्त गाडी हवी होती, तिच्यातून ही मधमाशी जन्मली. आपल्याकडे तिच्यावर माणसे बसवण्याची कल्पना उचलून धरली ती नवलमल फिरोदिया यांनी. अहमदनगरचे हे वकील आणि स्वातंत्र्यसैनिक पुढे पुण्याचे उद्योजक झाले. त्यानंतर बजाज कंपनीला १९५९ साली दुचाकी व तीनचाकी गाड्या बनवण्याचा सरकारी परवाना मिळाला. आधी पुण्याजवळ आकुर्डीला आणि १९८५ पासून औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) वाळूजला कारखाना उभा राहिला. तिथल्या रिक्षा आज जगभर धावतात.

किती दूरवर, ते पाहा. इथिओपियात रिक्षाला ‘बजाज’ म्हणतात. टांझानियात ‘बजाजी’. इंडोनेशियात जकार्ताला लिहितात ‘बजाज’ आणि म्हणतात ‘बजाय’. आपल्याकडे वनस्पती तुपाला लोक सरसकट डालडा म्हणत, तसाच हा प्रकार. नायजेरियात ती ‘केके’ होते, पेरूमध्ये ‘मोटोटॅक्सी’. थायलंडची ‘टुकटुक’ मात्र दुसऱ्या घराण्यातली. तिचे मूळ जपानच्या दाइहात्सु कंपनीच्या ‘मिजेट’ गाडीत आहे. इंजिनाच्या टुक-टुक आवाजावरून पडलेले हे नाव आता श्रीलंकेतही चालते, जरी तिथली गाडी बहुतेक आपली बजाजच असली, तरी.

कोलंबो: वाम आणि दक्षिण

कोलंबोत पहिल्याच सकाळी हॉटेलबाहेर पाऊल टाकले तर समोर रिक्षांचा बगीचाच. लाल, निळी, हिरवी, पिवळी! रंगाचे बंधन दिसले नाही. आत कुणाच्या बुद्धाची मूर्ती, कुणाचा गणपती, कुणाचा येशू. मागच्या बाजूला सुविचार आणि क्रिकेटपटूंची चित्रे. सव्वादोन कोटींच्या आसपास लोकवस्तीच्या त्या देशात दहा लाखांहून अधिक तीनचाकी गाड्यांची नोंद आहे. म्हणजे साधारण वीस माणसांमागे एक! कित्येक घरांत ती भाड्यासाठी नसून घरची गाडी म्हणूनच असते.

आम्हाला पेट्टा या बाजारपेठेत जायचे होते. नाव ऐकताच पुण्याची पेठ आठवावी. मीटर लावणार का, असे विचारले. चालकाने मीटरवर बोट ठेवून दाखवले. निघालो. त्या वेळी आपल्या एका रुपयाला तिथले पावणेचार रुपये मिळत. मीटरवर तीनशेचा आकडा पाहून प्रथम छातीत धस्स होते, मग भागाकार केल्यावर ते आपले ऐंशी रुपये निघतात. मुलांनो, परदेशात पाढे किती कामाला येतात, हे गुरुजींना सांगा.

सिंहली भाषेची गंमत रिक्षातच कळली. डावीकडे म्हणजे ‘वमट’, उजवीकडे म्हणजे ‘दकुणट’. आपल्या संस्कृतातला वाम आणि दक्षिण! दक्षिण म्हणजे उजवा हात आणि दक्षिण दिशाही, हा दुहेरी अर्थही सिंहलीत तसाच टिकून आहे. पूर्वेकडे तोंड करून उभे राहा म्हणजे कारण समजेल. आकडे ऐका: एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट. हात म्हणजे ‘अत’, दात म्हणजे ‘दत’, कान म्हणजे ‘कन’, नाव म्हणजे ‘नम’. सिंहली ही मराठीसारखीच प्राकृताच्या कुळातली भाषा आहे, हे पुस्तकात वाचले होते, पण चौकात वळताना ते कानांनी ऐकले. आभार मानायचे तर ‘स्तुतियि’. आणि सगळ्यांत गोड शब्द ‘हरि’. ‘ठीक आहे, बरोबर’ या अर्थाने तो तिथे दिवसातून शंभरदा कानी पडतो. पत्ता सांगितला की चालक म्हणतो, “हरि हरि.” अनायासे नामस्मरण घडते.

सगळेच चालक असे भेटले असे मात्र नाही. एका प्रसिद्ध मंदिराच्या वाटेवर एक गृहस्थ आपणहून जवळ आला. म्हणाला, “आत्ता मंदिर बंद आहे, दोन तासांनी उघडेल. आज रत्नांची मोठी विक्री आहे, फक्त आजच. मी रिक्षाने फुकट नेतो.” फुकटची रिक्षा म्हटल्यावर आम्ही हात जोडले आणि चालत राहिलो. मंदिर उघडेच होते. पर्यटकांना दुकानात नेऊन दुकानदाराकडून दलाली घेण्याचा हा प्रकार बँकॉकपासून दिल्लीपर्यंत सगळीकडे चालतो. त्याचे कारणही साधे आहे. मीटरच्या भाड्यात पोट भरत नाही, तेव्हा काही जण ही वाट धरतात. म्हणून पाहुण्याने चारच गोष्टी पाळाव्यात. मीटर किंवा भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. सुटे पैसे जवळ ठेवावेत. जायचे ठिकाण लिहून दाखवावे. आणि वाटेत कुठेही खरेदीला थांबायचे नाही, हे हसत सांगावे. शिवाय तिथे २०१५ पासून ‘पिकमी’ नावाची मोबाइलवरून रिक्षा बोलावण्याची सोय आहे, तिच्यात भाडे आधीच दिसते.

कँडी: पाच लिटरचा आठवडा

कँडी हे डोंगरातले गाव. बुद्धाच्या दंतधातूचे मंदिर पाहून आम्ही ‘बहिरवकंद’ टेकडीवरच्या शुभ्र बुद्धमूर्तीकडे निघालो. बहिरव म्हणजे आपला भैरव, कंद म्हणजे टेकडी. चढ चांगलाच उभा. रिक्षा जुनी होती, पण घासूनपुसून लखलखीत ठेवलेली. पहिल्या गिअरमध्ये ती कण्हत कण्हत चढली. चालक पन्नाशीचा होता. वर पोचल्यावर त्याने इंजिनाला विसावा दिला आणि आम्ही कट्ट्यावर बसलो. गाडी किती वर्षांची, असे सहज विचारले. म्हणाला, “चौदा वर्षांची. नवी घेता येत नाही, म्हणून हिलाच जपतो.”

परकीय चलनाच्या टंचाईमुळे श्रीलंका सरकारने मार्च २०२० मध्ये गाड्यांची आयात थांबवली होती. ती २०२५ च्या सुरुवातीला पुन्हा खुली झाली. म्हणजे आम्ही गेलो तेव्हा चार वर्षे झाली, नवी रिक्षा देशात आलेली नव्हती. जुन्या रिक्षांच्या किमती नव्याहून वर गेल्या होत्या.

मग त्याने २०२२ सालची हकिकत सांगितली. त्या वर्षी देशाची परकीय गंगाजळी आटली आणि तेल आणायला पैसा उरला नाही. वर्षाच्या आरंभी १७७ रुपये लिटर असलेले पेट्रोल जूनअखेर ४७० रुपयांवर गेले. गेले तर गेले, पण मिळायचेच नाही. पंपापासून मैल दीड मैल रांग. हा चालक एकदा दोन रात्री रांगेत रिक्षातच झोपला. घरून मुलगा डबा आणून द्यायचा. तिसऱ्या दिवशी पेट्रोल भरून तो निघाला, धंदा केला आणि टाकी संपताच पुन्हा रांगेला लागला. “मी त्या महिन्यांत रिक्षा कमी चालवली आणि ढकलली जास्त,” असे तो हसत म्हणाला. पुढे सरकारने प्रत्येक गाडीला संकेतचौकट देऊन आठवड्याचा कोटा ठरवला. सुरुवातीला तो रिक्षाला पाच लिटर होता. रांगा कमी झाल्या, पण पाच लिटर म्हणजे किती? लिटरला पंचवीस किलोमीटर धरले तरी सव्वाशे किलोमीटर. हुबळीहून धारवाडला तीनदा जाऊन परत आले, की आठवडा संपला. तेवढ्यात घर चालवायचे. सप्टेंबर २०२३ मध्ये कोटा उठला.

“मग त्या काळात तुम्ही काय केले?” आम्ही विचारले.

“शाळेच्या मुलांना सोडले नाही,” तो म्हणाला. “बाकीचे भाडे बंद केले. सकाळी पाच मुले, दुपारी तीच पाच मुले. त्यांच्या आईवडिलांनी महिन्याचे पैसे दिले, काहींनी तांदूळ दिला. परीक्षा होत्या ना!”

उतरताना आम्ही ठरलेल्याहून थोडे जास्त देऊ लागलो. त्याने ठरलेले मोजून घेतले, बाकीचे परत दिले आणि म्हणाला, “जास्त द्यायचेच तर उद्या पेरादेनियाच्या बागेला माझ्याच रिक्षाने चला.” दुसऱ्या दिवशी गेलो.

नुवरा एळिया: ‘अण्णा’

नुवरा एळिया समुद्रसपाटीपासून सुमारे १८७० मीटर उंचीवर. चहाचे मळे, धुके आणि चांगलीच थंडी. तिथल्या रिक्षांना दोन्ही बाजूंनी रेक्झिनचे पडदे. सीतामाईच्या मंदिराकडे जायचे होते. रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या रिक्षाला आम्ही हुबळीच्या सवयीने हाक मारली, “अण्णा!” चालक झटकन वळला. तो तमिळ होता आणि तमिळमध्येही अण्णा म्हणजे थोरला भाऊच. मराठी अण्णा, कन्नड अण्णा, तमिळ अण्णा! आपल्याला घरातला वाटणारा हा शब्द तीन भाषांच्या अंगणात खेळतो.

त्याने विचारले, “तुम्ही इंडियात कुठले?” कर्नाटक म्हटल्यावर म्हणाला, “मग कन्नड?” आम्ही म्हटले, “घरी मराठी, बाहेर कन्नड.” तो मोठ्याने हसला. “आमचेही तसेच. घरी तमिळ, बाहेर सिंहली, पाहुण्यांशी इंग्लिश.” मग त्याने आपल्या पूर्वजांची कथा सांगितली. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात तमिळ मुलखातून हजारो गरीब कुटुंबे या डोंगरांत आधी कॉफीच्या आणि मग चहाच्या मळ्यांवर आणली. देश स्वतंत्र झाला आणि १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतले बहुतेक कुठलेच नागरिक राहिले नाहीत. लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांनी १९६४ साली करार करून किती जणांना भारताने घ्यायचे आणि किती जणांना लंकेने, ते वाटून घेतले. कित्येक कुटुंबे दोन देशांत विभागली गेली. उरलेल्यांचा प्रश्न २००३ च्या कायद्याने सुटला. “माझ्या वडिलांचा जन्म इथला, पण त्यांच्याकडे म्हातारपणापर्यंत कागद नव्हता. माझ्याकडे आहे. रिक्षाचा परवानाही माझ्याच नावावर आहे,” हे सांगताना त्याने परवाना काढून दाखवला.

आम्ही बराच वेळ गप्प होतो. आपली मराठी माणसे हुबळी-धारवाडला कित्येक पिढ्यांपासून आहेत. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हा जिल्हा मुंबई राज्यात होता, नंतर राज्य बदलले, पाट्या बदलल्या. पण आपल्याला कुणी ‘तुम्ही कुठले’ म्हणून कागद मागितला नाही. शेजाऱ्याच्या भाषेत मुले शिकली आणि घरची भाषाही राहिली. ही काही आपोआप मिळालेली गोष्ट नव्हे. ती जपण्याची जबाबदारी दोन्ही बाजूंनी आहे. त्या चालकाची मुलगी शाळेत तिन्ही भाषा शिकते, हे सांगताना त्याचा आवाज जरा उंचावला होता.

आणि आपले नवनगर

आता घरचे बोलू. नवनगर हुबळी आणि धारवाड या दोहोंच्या मध्ये. पूर्वी कुठेही जायचे तर शहर बस, टमटम किंवा रिक्षा. २०१८ पासून चिगरी बस धावू लागल्या. जून २०२३ पासून शक्ती योजनेने राज्यातल्या स्त्रियांना साध्या सरकारी बसमधून विनामूल्य प्रवास मिळाला. दोन्ही गोष्टी चांगल्याच. नोकरीला जाणाऱ्या मुलीच्या हातात महिन्याला चार पैसे राहू लागले, हे आपण घरोघरी पाहतो. पण त्याच वेळी रिक्षावाल्याच्या मागच्या बाकावरचे प्रवासी कमी झाले. त्याच्याकडे उरली ती बसथांब्यापासून घरापर्यंतची छोटी भाडी, दवाखान्याची भाडी आणि शाळेची मुले.

ही शाळेची मुले म्हणजे आपली मुले. पालकहो, रोज सकाळी शाळेच्या दाराशी रिक्षा उभी राहते तेव्हा एकदा मोजून पाहा. तीन माणसांसाठी केलेल्या गाडीतून किती दप्तरे उतरतात? चालकाच्या शेजारी कुणी बसले आहे का? एखाद्याचा हात बाहेर आहे का? आपण चालकाला रागावतो, आणि ते रास्तही आहे. पण महिन्याचे पैसे ठरवताना शंभर रुपयांसाठी घासाघीस करणारेही आपणच असतो, आणि मे महिन्याचे पैसे द्यायचे नाहीत हेही आपणच ठरवतो. त्याच्या कर्जाचा हप्ता मे महिन्यात थांबत नाही. विमा थांबत नाही. पाच मुलांच्या पैशांत गाडी चालत नसेल, तर तो आठ मुले बसवणार. हिशेब सरळ आहे, आणि त्यात धोका आपल्या मुलांच्या जिवाला आहे.

म्हणून विश्वस्त मंडळाला आणि पालकांना आमची नम्र विनंती आहे. येत्या पालकसभेत हा विषय घ्यावा आणि शाळेची मुले आणणाऱ्या सर्व रिक्षाचालकांना त्या सभेला बोलवावे. पाहुणे म्हणून, खुर्चीवर. एका रिक्षात किती मुले, हे कायद्याला धरून ठरवावे. तेवढ्या मुलांत त्यांचा खर्च निघेल असे मासिक पैसे ठरवावेत आणि सुटीच्या महिन्यातही निदान अर्धे द्यावेत. परवाना, विमा आणि दुरुस्तीचे कागद वर्षातून एकदा कार्यालयात दाखवावेत. यातून पालकांवर थोडा बोजा पडेल, हे मान्य आहे. ज्यांना तो झेपणार नाही त्यांच्यासाठी शाळेने वेगळा विचार करावा. पण मुलांना रिक्षात कोंबून कुणाचेही पैसे वाचू नयेत.

आणि बालमित्रांनो, तुमच्यासाठीही काम आहे. रिक्षात हात आणि डोके आत ठेवा. चालकमामांशी गाडी चालू असताना गप्पा मारू नका, पण उतरल्यावर जरूर मारा. त्यांचे गाव कोणते, घरी कोणती भाषा बोलतात, रिक्षा कुठे तयार झाली, किती वर्षांची आहे, हे विचारा आणि वहीत लिहा. तुमच्यापैकी काहींचे वडील किंवा काका स्वतःच रिक्षा चालवतात. त्यांनी तर सर्वांत आधी लिहावे, कारण इतरांना जे विचारावे लागेल ते तुम्हाला घरीच ठाऊक आहे. निवडक टिपणे पुढील अंकात छापावीत असे आम्ही संपादकांना सुचवले आहे, आणि त्यांनी होकार दिला आहे.